नौका-एंजिनाची पावसाळी निगा
नौकेचे डीझेल एंजिन दीर्घकाळ बंद राहणार असता ते खराब होऊ नये म्हणून करावयाची पूर्वतयारी. थंड देशांत आतील पाणी गोठून सु. ९% प्रसरण पावते व एंजिनाचा ठोकळा तडकू शकतो. म्हणून तेथे गोठणरोधक भरतात. कोकणात धोका असतो तो क्षार व दमटपणा यांचा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात यांत्रिक नौका किनाऱ्यावर ओढून ठेवतात. तत्पूर्वी खारे पाणी फिरणारा शीतनमार्ग गोड्या पाण्याने धुतात. बाळकुमजवळील खाडीच्या मचूळ पाण्यातील नौकांनाही हे आवश्यक असते. जुन्या वंगणातील अम्लांमुळे धारवे झिजतात, म्हणून एंजिन गरम असतानाच वंगण बदलतात. इंधनटाकी भरलेली ठेवल्यास तीत दमट हवेतील पाणी फारसे साचत नाही. हवेचा व निष्कासाचा मार्ग बंद करून विद्युत् घटमाला काढून ठेवतात. एंजिन पुन्हा चालू करण्यापूर्वी हे मार्ग मोकळे करावे लागतात.