तारता आणि प्रबलता : सुरावलीच्या अभ्यासाची पूर्वतयारी

‘आवाज चढवू नकोस’ असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय चढलेले असते? आवाज मोठा झालेला असतो, की सूर वर गेलेला असतो? बोलताना आपण हा भेद करीत नाही. मराठीच्या सुरावलीचा अभ्यास करताना मात्र तो करावाच लागतो.

तंबोऱ्याची तार डोळ्यांसमोर आणा. तीच तार अधिक जोराने छेडली, तर तिचे आंदोलन रुंदावते व नाद मोठा होतो. सूर जवळपास तोच राहतो. याउलट खुंटी पिळून तार ताणली, तर ती अधिक वेगाने कंप पावते व सूर चढतो. मग ती कितीही हळुवार छेडा. कंपनांच्या वेगावर अवलंबून असणारी ती तारता. कंपनांच्या रुंदीवर अवलंबून असणारी ती प्रबलता. पहिलीशी निगडित असलेली कंपनसंख्या हर्ट्झमध्ये मोजतात, तर ध्वनीची पातळी डेसिबेलमध्ये.

मानवी कंठात तारेचे काम स्वरतंतू करतात. प्रौढ पुरुषाच्या बोलण्यात ते सेकंदाला साधारणपणे 100 ते 150 वेळा, तर स्त्रीच्या बोलण्यात सुमारे 200 वेळा कंप पावतात. मुलांचे स्वरतंतू आखूड असल्याने त्यांचा सूर आणखी उंच असतो. स्वरतंतू ताणले की तारता वाढते. फुप्फुसांतील हवेचा दाब वाढला की प्रबलता वाढते. मात्र दाब वाढताच, विशेष नियंत्रण नसेल तर, तारताही थोडी वाढते. म्हणूनच ओरडणाऱ्याचा सूरही चढतो आणि दोन्ही गुण एकच असल्याचा भास होतो.

हा गोंधळ जुनाच आहे. पाणिनीने उदात्त व अनुदात्त स्वरांच्या व्याख्या ‘उच्च’ आणि ‘नीच’ या अर्थाच्या शब्दांनी केल्या. येथे उच्च म्हणजे मोठ्याने उच्चारलेला नव्हे, असा खुलासा काशिकावृत्तीला करावा लागला.

आता स्वतः प्रयोग करून पाहा. ‘बाबा आले.’ हे विधान म्हणून उच्चारा. मग ‘बाबा आले?’ असे विचारा. शब्द तेच, क्रम तोच. प्रश्नात शेवटचा सूर वर जातो. तोच प्रश्न अगदी हळू आवाजात विचारा. तो प्रश्नच राहतो. विधान मोठ्याने उच्चारा. ते विधानच राहते. म्हणजे येथे अर्थभेद घडविते ती तारता, प्रबलता नव्हे.

मराठीत तारतेने सुट्या शब्दाचा कोशगत अर्थ बदलत नाही. पंजाबी किंवा चिनी भाषेत तो बदलतो. मराठीत तारतेचे कार्य प्रामुख्याने वाक्याच्या पातळीवर चालते. लेखनात या कार्याची खूण म्हणून एखादे प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह तेवढे उरते. संशय, उपरोध, आर्जव यांचे सूर वाचकालाच पुरवावे लागतात. नाटकातील संवाद वाचताना ही जाणीव विशेष आवश्यक आहे.

स्वाध्याय : ‘तुम्ही उद्या येणार’ हे वाक्य विधान, प्रश्न व आश्चर्य या तीन प्रकारे उच्चारा. प्रत्येक वेळी सूर कोठे चढतो व कोठे उतरतो, याची नोंद करा.