खिडकीतला संगणक आणि त्याचा लहानसा पडदा

शाळेतल्या संगणकावर विंडोज आहे. ते तसेच ठेवायचे आहे, पण मुलांना लिनक्सचीही ओळख करून द्यायची आहे. दुसरा संगणक घ्यायला पैसे नाहीत. अशा वेळी एका संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवता येतो. हा आतला संगणक म्हणजे एक प्रोग्रॅमच असतो, पण तो अगदी खऱ्या संगणकासारखा वागतो. त्याला आभासी संगणक म्हणू. ही कल्पना काही नवी नाही. आयबीएमने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही अशीच प्रणाली जाहीर केली होती. आज शाळेला परवडेल असा मार्ग म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स. जर्मनीतल्या इनोटेक या कंपनीने २००७ साली तो सर्वांसाठी खुला केला. २०१० पासून तो ओरॅकलकडे आहे आणि त्याचा मूळ भाग विनामूल्य मिळतो.

लिनक्स बसवून झाले, आतला संगणक सुरू झाला, की बहुतेक नवशिक्यांना पहिली अडचण येते ती पडद्याची. मोठ्या पडद्याच्या मधोमध लिनक्सची खिडकी लहानशी दिसते. खिडकी ताणून मोठी केली तरी आतले चित्र तेवढेच राहते आणि भोवती रिकामी चौकट उरते. कधी तर लिनक्स बसवतानाच ‘पुढे’ जाण्याचे बटण पडद्याच्या खाली, दिसणार नाही अशा जागी गेलेले असते आणि काम तिथेच अडते. (तेवढ्यापुरता उपाय सोपा आहे. टॅबची कळ दाबत दाबत त्या न दिसणाऱ्या बटणापर्यंत पोहोचता येते.)

हे का होते? थोडा हिशोब करू. पडद्यावरचे चित्र ठिपक्यांच्या रांगोळीसारखे असते. आजच्या साध्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. आतला संगणक मात्र पुष्कळदा ८०० गुणिले ६००, म्हणजे ४,८०,००० ठिपक्यांचेच चित्र काढतो. ते खऱ्या पडद्याच्या पाव भागाहूनही कमी जागा व्यापते.

मग ते चित्र ओढून मोठे का करू नये? व्हर्च्युअलबॉक्समध्ये तशी सोय आहे. उजवी कंट्रोल कळ आणि सी एकत्र दाबले की चित्र खिडकीभर पसरते. पण ठिपके वाढत नाहीत, तेच ठिपके ताणले जातात. ६०० ओळींच्या १०८० ओळी करायच्या म्हणजे प्रत्येक ठिपक्याचे १.८ ठिपके करायचे. अपूर्णांकातला ठिपका पडद्यावर काढता येत नाही. म्हणून शेजारच्या ठिपक्यांचे रंग मिसळून मधले रंग भरले जातात आणि अक्षरांच्या कडा पुसट होतात. रोमन लिपी हे बऱ्यापैकी सोसते. देवनागरीचे मात्र हाल होतात. प आणि ष यांत एका तिरक्या रेघेचा फरक, घ आणि ध यांत शिरोरेषेजवळच्या एवढ्याशा खाचेचा, त्यात रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरे. मागच्या बाकावरचा मुलगा मग शब्द वाचत नाही, अंदाजाने ओळखतो. वर्गात आलेखाचा कागद देऊन ५ गुणिले ७ चौकटींत ष काढायला सांगा, नंतर १० गुणिले १४ चौकटींत. ताणणे आणि ठिपके वाढवणे यांतला फरक मुलांना लगेच कळेल.

आता मूळ कारणाकडे वळू. खऱ्या संगणकाला पडदा जोडला की तो पडदा तारेतूनच आपली माहिती पाठवतो: मला इतके आडवे, इतके उभे ठिपके दाखवता येतात. आतल्या संगणकाला खरा पडदाच नसतो. त्याला जे ग्राफिक्स कार्ड दिसते, तेही प्रोग्रॅमनेच उभे केलेले असते. त्या कार्डाशी बोलायचे कसे हे ठाऊक नसेल, तर तो जुन्या, सर्वांना चालणाऱ्या मापांवर येतो. ६४० गुणिले ४८० हे त्यांतले एक माप १९८७ साली आयबीएमच्या व्हीजीएबरोबर आले आणि अजून टिकून आहे. शिवाय बाहेरची खिडकी तुम्ही केवढी केली आहे, हे आतल्याला कुणी सांगितलेलेच नसते.

म्हणजे हवा एक दुभाषा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्याला ‘गेस्ट ॲडिशन्स’ म्हणतात. त्यात त्या आभासी कार्डाचा ड्रायव्हर असतो आणि खिडकीचे माप आत कळवणारा एक छोटा प्रोग्रॅमही असतो. हा दुभाषा आतल्या संगणकात बसवायचा असतो, बाहेरच्या नव्हे. ‘एक्स्टेन्शन पॅक’ नावाची एक वेगळी वस्तू आहे, ती बाहेर बसते आणि पडद्याच्या या दुखण्यावर तिचा उपयोग नाही. नावांच्या गोंधळात अनेकांचा वेळ इथेच जातो.

आधी आतला संगणक रीतसर बंद करा. नुसता झोपवून ठेवलेला असेल तर सेटिंग्ज बदलता येत नाहीत. मग त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले’ उघडा. ‘ग्राफिक्स कंट्रोलर’च्या जागी आत लिनक्स असेल तर व्हीएमएसव्हीजीए आणि आजचे विंडोज असेल तर व्हीबॉक्सएसव्हीजीए हवे. तिथेच ‘व्हिडिओ मेमरी’ दिसते. ती वाढवा म्हणजे सगळे ठीक होईल, असा सल्ला सर्रास दिला जातो. हिशोब करून पाहा: २०,७३,६०० ठिपके, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे सुमारे ८ मेगाबाइट. एका चित्राला एवढी पुरते. इतर कामांसाठी जास्त लागते, तेव्हा १२८ पर्यंत न्यायला हरकत नाही, पण दुभाषाच नसेल तर नुसत्या मेमरीने काही होत नाही.

आता आतला संगणक सुरू करा. खिडकीच्या वरच्या ‘डिव्हायसेस’ यादीतून ‘इन्सर्ट गेस्ट ॲडिशन्स सीडी इमेज’ निवडा. खरी सीडी कुठेच नसते, पण आतल्याला ती घातल्यासारखी वाटते. आत विंडोज असेल तर त्या सीडीतला प्रोग्रॅम चालवून, तो सांगेल तसे पुढे जायचे आणि शेवटी संगणक पुन्हा सुरू करायचा. लिनक्समध्ये एक पायरी जास्त आहे. तिथे ड्रायव्हर जागेवर, त्या त्या कर्नलच्या मापाने बेतला जातो. त्यासाठी जीसीसी, मेक, पर्ल आणि चालू कर्नलचे हेडर आधी असावे लागतात. उबुंटूवर ‘बिल्ड-इसेन्शियल’ या गठ्ठ्यात यांतले बरेचसे मिळते, हेडर मात्र वेगळे घ्यावे लागतात. मग सीडीतला लिनक्ससाठीचा प्रोग्रॅम प्रशासकाचे अधिकार देऊन टर्मिनलमधून चालवायचा आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. अलीकडच्या काही लिनक्समध्ये हा दुभाषा आधीच बसवलेला असतो. तिथे कंट्रोलर बरोबर निवडला की काम संपते.

शेवटी ‘व्ह्यू’ यादीत ‘ऑटो-रिसाइज गेस्ट डिस्प्ले’वर खूण आहे ना, ते बघा आणि खिडकीचा कोपरा ओढा. चित्र क्षणभर थबकेल आणि नवे माप घेईल. ही ओळ फिकट दिसत असेल आणि निवडता येत नसेल, तर दुभाषा आत चालू नाही असे समजावे आणि बहुधा हेडर राहिले आहेत का ते तपासावे.

जुन्या शैक्षणिक सीडी चालवण्यासाठी कुणी आत विंडोज ९८ बसवू पाहील. त्या विंडोजसाठी व्हर्च्युअलबॉक्सने गेस्ट ॲडिशन्स कधी काढलीच नाहीत, तेव्हा तिथे ताणलेल्या चित्रावरच भागवणे बरे.

सगळे नीट चालू असताना एखाद्या सकाळी पडदा पुन्हा लहान झालेला दिसला, तर घाबरू नका. आदल्या दिवशी लिनक्सने स्वतःला अद्ययावत केले असेल आणि कर्नल बदलला असेल. जुन्या मापाने बेतलेला ड्रायव्हर नव्याला बसत नाही. नव्या कर्नलचे हेडर घ्या आणि सीडीतला तोच प्रोग्रॅम आणखी एकदा चालवा.