यंत्राचा विसराळूपणा

यंत्रालाही विस्मरण होते, असे २००६ सालापूर्वी मला कोणी सांगितले असते, तर मी हसलो असतो. माणूस विसरतो, यंत्र कसे विसरेल?

त्या वर्षी मी भूम तालुक्यातील एका दूध संस्थेचा सचिव होतो. जिल्ह्याचे नाव तेव्हा उस्मानाबाद. धाराशिव ते २०२३ साली झाले. आमचा मुलूख खव्याचा. पावसाचा भरवसा नाही, म्हणून घर चालते ते दुधावर. संस्थेत सोलापूरहून आणलेले एक जुने यंत्र होते. ते दुधाचे माप आणि फॅट नोंदवी, तारीख-वेळेसह पावती छापी आणि दहा दिवसांचा हिशेब पोटात ठेवी. भारनियमनाचे दिवस ते! वीज तासन्‌तास जाई; पण आली, की यंत्र अचूक वेळ दाखवी. आम्हाला त्याचे भारी कौतुक.

एके पहाटे मात्र त्याने भलतीच तारीख दाखवली. घड्याळ तर गेलेच, नऊ दिवसांचा हिशेबही पुसला गेला. दुसऱ्या दिवशी बिल वाटायचे होते. त्या पैशावर कोणाची पेंड, कोणाचे औषध अडलेले. मला घाम फुटला.

सोलापूरच्या कारागिराने यंत्र उघडून एक जाडजूड काळी चिप दाखवली. एम४८टी०८ ही या जातीतली प्रसिद्ध चिप. तिच्यात ८,१९२ बाइट मावतात. त्यांतले शेवटचे आठ घड्याळासाठी. माथ्यावरच्या टोपीत लिथियमचा सेल आणि गारेचा स्फटिक. हा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली, की बरोबर एक उरतो; तोच आपला सेकंद! पाच व्होल्टचा पुरवठा उतरू लागला, की चिप आधी लिहिण्याचे दार बंद करते आणि मग सेलवर जगते. म्हणून वीज गेली तरी तिला सारे आठवते.

पण सेलचे आयुष्य साधारण दहा वर्षांचे. कारागिराने चिपेवरचा आकडा वाचला: ९५१२. म्हणजे १९९५ सालचा बारावा आठवडा. मुदत केव्हाच भरली होती. दिवसा वीज असेपर्यंत ते कळले नाही; अंधार पडला आणि कळले. सेल टोपीत बंद, तेव्हा चिपच नवी बसवावी लागली.

आणि हिशेब? आम्ही गावात दवंडी दिली. लोक पावत्या घेऊन आले. एक आजी चंचीतून सुपारीबरोबर सगळ्या अठरा पावत्या काढून म्हणाल्या, "यंत्र इसरलं व्हय? म्या न्हाई इसरले, लेकरा." ज्यांच्या पावत्या हरवल्या होत्या, त्यांचे आकडे आदल्या बिलाच्या सरासरीने धरले. कुरकुर झाली, पण बिल चार दिवस उशिरा का होईना, वाटले गेले.

आता बहुतेक यंत्रांत हिशेब राखायला सेल लागत नाही. घड्याळाला मात्र अजूनही लागतो. वाचकहो, तुमच्या दुकानात, दवाखान्यात असे एखादे जुने यंत्र असेल, तर त्याच्या चिपेचे साल एकदा पाहून घ्या. आमच्या संस्थेत तेव्हापासून नवी चिप बसवल्याची तारीख यंत्रावर रंगवलेली असे, आणि रोज संध्याकाळी सारे आकडे वहीत उतरत.