खाऱ्या पाण्याच्या टाकीतील मासा अन्न सोडतो तेव्हा

समुद्रकाठच्या गावांत भातशेती, बागायत व मासेमारी यांच्या जोडीला शोभिवंत माशांचे पालन हा एक नवा जोडधंदा ठरू पाहत आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउन जातीच्या माशांचे टाकीत प्रजनन करण्याची पद्धत बसविल्यामुळे हे मासे प्रवाळांतून पकडून आणण्याची गरज उरलेली नाही. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली सुरू केलेल्या कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजनेतही खेकडेपालन व कालवेपालन यांच्याबरोबर शोभिवंत माशांच्या पालनास स्थान देण्यात आले आहे.

नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा मासा दिसावयास लहान असला तरी त्याचे मोल मोठे आहे. नर व मादी यांची जोडी जुळून ती अंडी देऊ लागण्यास वर्ष-दीड वर्षाचा काळ लागतो. अशी एक जोडी मेली तर तेवढ्या काळाचे श्रम, खाद्य व वीज वाया जाते. टाकीतील मासा अन्न घेत नाही असे दिसताच पालक घाबरून मिळेल ते औषध पाण्यात टाकतो, आणि पुष्कळदा रोगाआधी औषधानेच मासा मरतो. यास्तव कारण शोधण्याची पद्धतशीर रीत पालकाने व ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे जरूर आहे.

अन्न सोडणे हा रोग नव्हे

अन्न न घेणे हे केवळ लक्षण आहे. ज्याप्रमाणे बैलाने चारा सोडला म्हणजे त्याचे पोट, तोंड, खूर व ताप पाहिला जातो, त्याचप्रमाणे माशाच्या बाबतीतही आधी तपासणी व नंतर उपचार असा क्रम ठेवावा. निरोगी व अंगाने भरलेला मासा काही दिवस उपाशी राहू शकतो. तेव्हा पहिल्या दिवशी तपासणीस पुरेसा वेळ असतो. मात्र श्वास जोराने चालू असेल तर विलंब करू नये.

पुढील प्रसंगी मासा आजारी नसूनही कमी खातो.

१. मासा नवीन आणलेला असल्यास तो पहिले दोन-तीन दिवस बुजलेला असतो. टाकीवरील उजेड कमी करावा व त्यास लपण्यासाठी नळीचा तुकडा द्यावा.

२. क्लाउन माशांत सर्वांत मोठी मादी असते व तिच्या खालोखाल नर असतो. बाकीचे मासे त्यांच्या धाकात राहतात. ज्याचा सारखा पाठलाग होतो तो मासा कोपऱ्यात पाण्याच्या वरच्या थरात राहतो आणि खाद्याकडे येत नाही. त्याचे पर फाटलेले दिसतात. त्यास वेगळे करणे हाच उपाय होय.

३. अंडी राखणारा नर बहुतेक वेळ अंड्यांजवळच घालवितो. त्यास आजारी समजून हलवू नये.

४. रोजचे खाद्य एकाएकी बदलल्यास मासा ते तोंडात घेऊन टाकून देतो.

यांपैकी काहीही नसेल तर पाण्याकडे वळावे.

प्रथम पाणी तपासावे

टाकीतील बहुतेक आजारांचे मूळ पाण्यात असते. क्लाउन माशासाठी क्षारता दर हजारी ३० ते ३५ भाग, उष्णतामान २६ ते २८ अंश सेल्सिअस व सामू ८.० ते ८.३ असावा. अमोनिया व नायट्राइट यांचा अंशही नसावा.

अमोनिया: माशांचे उत्सर्जन व उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो. गाळणीतील उपयुक्त जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर बऱ्याच कमी विषारी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी मासे सोडले, गाळणी नळाच्या पाण्याने खळखळून धुतली किंवा वीज बराच काळ गेली, तर अमोनिया साचतो. पाण्याचा सामू जितका अधिक तितका अमोनिया अधिक जहाल असतो. म्हणून खाऱ्या पाण्यात त्याची थोडी मात्राही घातक ठरते. मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो व त्याचे कल्ले लालभडक दिसतात. अशा वेळी खाद्य बंद करावे, हवेचा पुरवठा वाढवावा आणि चौथा ते तिसरा हिस्सा पाणी बदलावे. नवे पाणी त्याच क्षारतेचे व त्याच उष्णतामानाचे असावे.

प्राणवायू: खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी प्राणवायू विरघळतो, आणि पाणी तापले की तो आणखी घटतो. वैशाखात वीज गेल्यावर मासे गुदमरतात ते यामुळेच. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप प्रत्येक पालकाने जवळ ठेवावा.

क्षारता: टाकीतून पाण्याची वाफ होते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून उन्हाळ्यात घटलेली पातळी क्लोरीन काढलेल्या गोड्या पाण्यानेच भरून काढावी. तेथे खारे पाणी घातल्यास क्षारता वाढत जाते. पावसाळ्यात याच्या उलट घडते. त्या काळात खाडीचे पाणी गोडे व गढूळ होते, म्हणून ते घेऊ नये. पावसापूर्वी भरून, गाळून व झाकून ठेवलेले पाणी वापरावे. मिठागरातील मीठ गोड्या पाण्यात विरघळविल्याने समुद्राचे पाणी तयार होत नाही, कारण समुद्राच्या पाण्यातील मॅग्नेशियम, कॅल्शियम व पोटॅशियम यांचे योग्य प्रमाण त्या मिठात नसते.

पाणी सुधारल्यावर एक-दोन दिवसांत मासा खाऊ लागला तर औषधाची गरज नाही.

रोगाची ओळख

पाणी निर्दोष असूनही मासा अन्न घेत नसेल तर त्याचे अंग बारकाईने पाहावे. बाजूने विजेरीचा उजेड टाकल्यास अंगावरील ठिपके चांगले दिसतात. शेजारच्या निरोगी माशाचे कल्ले मिनिटास किती वेळा हलतात ते मोजावे व आजारी माशाशी ताडून पाहावे.

मखमली रोग: हा सर्वांत जलद मारक आहे. अंगावर बारीक सोनेरी भुकटी उडाल्यासारखी दिसते. परंतु कृमी प्रथम कल्ल्यांवर बसत असल्याने ती भुकटी दिसण्यापूर्वीच मासा मरू शकतो. पाणी चांगले, अंग स्वच्छ, पण श्वास फार जलद व अन्न बंद, अशी स्थिती असल्यास हा रोग धरून त्याच दिवशी उपचार सुरू करावा.

पांढरे ठिपके: अंगावर व परांवर मिठाच्या कणांएवढे ठिपके दिसतात. मासा दगडावर अंग घासतो. तीन ते सात दिवसांनी ठिपके नाहीसे होतात व पालकास रोग गेला असे वाटते. प्रत्यक्षात परोपजीवी जंतू माशावरून उतरून तळाशी कोश करतात. त्या कोशांतून पुढे शेकडो नवे जंतू बाहेर पडतात व दुसरा हल्ला पहिल्याहून तीव्र होतो. ठिपके गेले म्हणून उपचार थांबविणे ही या रोगातील सर्वांत मोठी चूक होय.

सालीचा रोग: हा क्लाउन माशांत विशेष आढळतो. अंगावर ठिपके नसून दाट पांढरा बुळबुळीत लेप येतो व त्वचा सालपटांसारखी सुटू लागते. यावर तांब्याचा उपयोग होत नाही.

चपटे कृमी: मासा अंग घासतो, डोळे धुरकट होतात, पण ठिपके स्पष्ट दिसत नाहीत. गोड्या पाण्याची आंघोळ घातली असता हे कृमी पांढरे होऊन भांड्याच्या तळाशी पडतात. अशा रीतीने एकाच कृतीत निदान व आराम दोन्ही साधतात.

जिवाणूंचे रोग: अंगावर लाल चट्टे किंवा व्रण, कुजणारे पर व सुजलेले डोळे ही लक्षणे असतात. यांत प्रतिजैविक औषध पशुवैद्यकाच्या किंवा मत्स्यतज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून देऊ नये.

पोटातील परोपजीवी: पोट खपाटीस जाते व विष्ठा पांढरी व दोऱ्यासारखी पडते. नुसत्या उपासानेही विष्ठा तशी पडू शकते. म्हणून एवढ्यावरून निर्णय न घेता तज्ज्ञास विचारावे.

अलग टाकी

कोणताही औषधोपचार मूळ टाकीत करू नये. चाळीस ते शंभर लिटरची एक साधी टाकी त्यासाठी वेगळी ठेवावी. तीत वाळू, प्रवाळाचे तुकडे किंवा शिंपले घालू नयेत, कारण ते तांबे शोषून घेतात. हवेचा पंप, स्पंजाची गाळणी व लपण्यासाठी प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा एवढे पुरे. या टाकीची जाळी व भांडी निराळी असावीत. परोपजीवी रोग असल्यास मूळ टाकीतील सर्वच मासे अलग करावे लागतात. ती टाकी निदान सहा आठवडे आणि शक्य तर दहा-अकरा आठवडे माशांवाचून चालू ठेवावी, म्हणजे यजमान न मिळाल्याने तेथील जंतू नष्ट होतात.

उपचार

गोड्या पाण्याची आंघोळ: क्लोरीन काढलेले, टाकीइतक्याच उष्णतामानाचे गोडे पाणी बादलीत घ्यावे. त्यात खाण्याचा सोडा घालून सामू टाकीच्या पाण्याएवढा आणावा व हवा सोडावी. मासा तीन ते पाच मिनिटे त्यात ठेवावा. तो तडफडू लागल्यास तत्काळ बाहेर काढावा. याने मखमली रोगात व कृमींत तात्पुरता आराम पडतो, पण संपूर्ण उपचार होत नाही.

तांबे: मखमली रोग व पांढरे ठिपके यांवर तांबे गुणकारी आहे. पाण्यात त्याचे प्रमाण दर लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम असावे. याहून कमी असल्यास जंतू मरत नाहीत, अधिक झाल्यास मासा मरतो. बागेत फवारण्यासाठी आणलेले मोरचूद वापरू नये. प्रयोगशाळेच्या दर्जाचे शुद्ध मोरचूद घ्यावे. एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ७ ग्रॅम मोरचूद विरघळवून द्रावण करावे. शंभर लिटर पाण्यास या द्रावणाचे १० मिलिलिटर लागतात. त्यांपैकी निम्मे पहिल्या दिवशी व निम्मे दुसऱ्या दिवशी घालावे. खाऱ्या पाण्यात तांबे खाली बसून कमी होत जाते, म्हणून तपासणी संचाने रोज मोजून तेवढीच भर घालावी. हा उपचार तीन ते चार आठवडे चालवावा. मोजण्याचे साधन नसेल तर तांबे वापरूच नये. समुद्रफूल, कोळंबी, गोगलगाय व प्रवाळ तांब्याने मरतात. गाळणीतील जिवाणूंसही ते बाधक असल्याने अमोनियाही रोज तपासावा.

क्षारता कमी करणे: पांढऱ्या ठिपक्यांवर हा स्वस्त उपाय आहे. दोन-तीन दिवसांत पाणी दर हजारी १५ भागांवर आणावे व चार आठवडे तेथेच ठेवावे. क्षारता १८ वर थांबल्यास गुण येत नाही, म्हणून मापक अचूक असावा. नंतर आठवडाभरात ती हळूहळू पूर्ववत करावी. मखमली रोगावर हा उपाय चालत नाही. तांबे व कमी क्षारता हे दोन्ही एकदम योजू नयेत, कारण कमी खाऱ्या पाण्यात तांबे अधिक विषारी होते.

फॉर्मलिन: सालीच्या रोगावर दर दहा लिटर पाण्यास दीड मिलिलिटर या प्रमाणात, वेगळ्या भांड्यात, अर्धा तास आंघोळ द्यावी. हवा भरपूर सोडावी, कारण हे औषध पाण्यातील प्राणवायू घटविते. बाटलीच्या तळाशी पांढरा साका असल्यास ते औषध फेकून द्यावे. फॉर्मलिन माणसासही विषारी आहे. हातमोजे घालून, मोकळ्या हवेत व जाणकाराच्या देखरेखीखालीच ते हाताळावे आणि मुलांपासून दूर ठेवावे.

पुन्हा खाण्यास लावणे

श्वास सुधारल्यावर मासा अन्नाकडे पाहू लागतो. प्रथम नुकतीच अंड्यांतून बाहेर पडलेली जिवंत आर्टेमिया द्यावी. तिची हालचाल पाहून मासा तोंड टाकतो. नंतर गोठवून ठेवलेली कोळंबी किंवा तिसऱ्यांचे मांस अगदी बारीक चिरून व स्वच्छ धुऊन द्यावे. दिवसातून तीन-चार वेळा चिमूटभर द्यावे व दहा-पंधरा मिनिटांनी उरलेले काढून टाकावे. मासा खात नाही म्हणून अधिक खाद्य टाकणे म्हणजे अमोनियास आमंत्रण देणे होय.

प्रतिबंध

नवीन आणलेला प्रत्येक मासा, तो कितीही निरोगी दिसो, चार आठवडे अलग टाकीत ठेवूनच मूळ टाकीत सोडावा. शक्य तोवर टाकीत जन्मलेलाच मासा घ्यावा. त्यास तयार खाद्याची सवय असते. प्रत्येक टाकीसाठी एक वही ठेवून उष्णतामान, क्षारता, अमोनिया, दिलेले खाद्य व माशाची भूक यांची रोज नोंद करावी. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी भेटीच्या वेळी प्रथम ही वही पाहावी, नंतर पाणी तपासावे व शेवटी औषधाचा विचार करावा. रोग ओळखता न आल्यास आजारी मासा जिवंत स्थितीत, टाकीच्या पाण्याच्या नमुन्यासह, जवळच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे किंवा मत्स्य महाविद्यालयाकडे न्यावा. मेलेला मासा लवकर कुजतो व त्यावरून निदान होणे अवघड जाते.