वॉरंटीपलीकडचे नुकसान : घरगुती उपकरणे आणि ग्राहकाचा हक्क

न्हाणीघरातील गीझरची टाकी फुटते. पाणी भिंतीत मुरते, पलीकडच्या खोलीतील लाकडी कपाट फुगते, कपडे आणि मुलांची पुस्तके भिजतात. वॉरंटीत असल्यास टाकी बदलून मिळते आणि प्रकरण बहुधा तेथेच मिटते. कपाटाचा व भिंतीचा खर्च मात्र कुटुंबच सोसते. वॉरंटी उपकरणापुरती असते. ग्राहकाचा हक्क त्याहून मोठा आहे, हे दुकानात कोणी सांगत नाही.

२० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'उत्पादन दायित्व' हे स्वतंत्र प्रकरण आहे. १९८६ च्या कायद्यात ते नव्हते. सदोष वस्तूमुळे इतर मालमत्तेची झालेली हानी, शारीरिक इजा, मृत्यू आणि अशा हानीपोटी होणारा मानसिक त्रास यांची भरपाई त्यानुसार मागता येते. खुद्द वस्तूचा बिघाड या व्याख्येत बसत नाही. त्यासाठी दोषाची नेहमीची तक्रार आहेच. उर्दूतील 'हर्जाना' हा शब्द येथे अधिक नेमका वाटतो : वस्तूची किंमत नव्हे, झालेल्या हानीचा मोबदला. म्हणून केवळ वॉरंटीची मुदत संपली, एवढ्याने हा दावा बुडत नाही.

रचनेतील वा निर्मितीतील दोषाला, तसेच अपुऱ्या सूचनांना उत्पादक जबाबदार असतो. चुकीच्या जोडणीला सेवा देणारा. विक्रेता मात्र ठरावीक परिस्थितीतच अडकतो, उदाहरणार्थ, त्याने वस्तूत फेरफार केला असेल किंवा उत्पादकाचा पत्ताच लागत नसेल तर.

सीमाभागासाठी एक तरतूद विशेष मोलाची आहे. तक्रारदार जेथे राहतो तेथेच तक्रार करता येते. कोल्हापुरात घेतलेल्या गीझरची तक्रार बेळगावच्या जिल्हा आयोगाकडे चालते. आयोगाची पायरी व शुल्क मोजलेल्या किमतीवर ठरते, नुकसानीच्या रकमेवर नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची.

खरी अडचण पुराव्याची. गैरवापर झाला, हा बचाव समोरून येतोच. गरज पडल्यास आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेतो. पण फुटलेली टाकी कारागिराने आधीच नेली असेल तर तपासायचे काय? ती घरीच ठेवावी, छायाचित्रे काढावीत, बिल जपावे. दुरुस्तीच्या कागदावर 'समाधान झाले' असा मजकूर असल्यास सहीपूर्वी त्याखाली हाताने लिहावे : घराच्या नुकसानीची मागणी बाकी आहे.