चित्तप्रसाद : भुकेची चित्रे काढणारा, आडनाव टाकलेला चित्रकार

बंगालचे चित्तप्रसाद (१९१५-१९७८) यांचे नाव आपल्या चळवळीतील तरुणांना फारसे माहीत नाही. खरे तर त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ मुंबईत, अंधेरीच्या एका छोट्या खोलीत गेला. त्यांचे जन्माचे आडनाव भट्टाचार्य. जातीच्या विशेषाधिकाराला विरोध म्हणून त्यांनी ते टाकून दिले आणि चित्रांवर केवळ ‘चित्तप्रसाद’ अशी सही केली.

आडनाव टाकल्याने जात जात नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. वरच्या जातीतल्या माणसाला आडनाव टाकणे सोपे असते, आपल्याला मात्र ते टाकूनही जात विचारली जाते. म्हणून आम्ही चित्तप्रसाद यांचे मोठेपण आडनावात शोधत नाही. ते त्यांच्या कामात आहे.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळात अंदाजे २० ते ३० लाख माणसे मेली. हा दुष्काळ केवळ निसर्गाने आणलेला नव्हता. युद्धामुळे भाव भडकले होते. जपानी सैन्याच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने किनारी भागातल्या होड्या आणि तांदूळ काढून घेतला होता. कलकत्त्याला धान्य पुरवले जात होते आणि खेड्यात ते मिळत नव्हते. सर्वाधिक मेले ते भूमिहीन मजूर, मच्छिमार आणि गावचे कारागीर. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, त्यांना बाजारात विकायला श्रमाशिवाय काहीच नव्हते.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये चित्तप्रसाद मिदनापूर जिल्ह्यात फिरले. तेव्हा ते कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते होते आणि पक्षाच्या नियतकालिकांसाठी चित्रे व वृत्तांत पाठवत. हा जिल्हा आदल्या वर्षीच्या चक्रीवादळाने आधीच मोडला होता. त्यांनी लोकांशी बोलून माहिती लिहून घेतली आणि काळ्या शाईने रेखाटने केली. आम्हाला महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की, अनेक रेखाटनांसोबत त्यांनी त्या माणसाचे नाव आणि गाव नोंदवले. त्यामुळे चित्रातला माणूस ‘भुकेकंगाल’ म्हणून उरत नाही. तो अमुक गावचा अमुक माणूस असतो आणि त्याच्या मरणाचा जाब विचारता येतो.

त्याच काळात झैनुल आबेदिन यांनी कलकत्त्याच्या फूटपाथवरची माणसे स्वस्त कागदावर शाईने रंगवली. ती चित्रे कलादृष्ट्या कदाचित अधिक प्रसिद्ध आहेत. पण वस्तीत सर्व्हे करणाऱ्याला, अत्याचाराच्या घटनेची सत्यशोधन पाहणी करणाऱ्याला चित्तप्रसाद यांची पद्धत जवळची वाटेल. आपल्या प्रदर्शनांतल्या पॅनेलवर आणि मोर्चाच्या बॅनरवर मृतांचे फोटो असतात. अनेकदा नाव नसते, गाव नसते, ती व्यक्ती काय काम करत होती तेही नसते. पाहणाऱ्याला दया येते आणि तो पुढे जातो.

दुसरी शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांचे माध्यम. नंतरच्या काळात त्यांनी लिनोकट मोठ्या प्रमाणावर केले. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरायचे, शाईचा रूळ फिरवायचा, वर कागद ठेवून दाबायचे. यंत्र नसले तरी चालते. एका ठशातून अनेक प्रती निघतात, त्यामुळे चित्र श्रीमंताच्या भिंतीपुरते राहत नाही. बालमजुरांवरची त्यांची लिनोकट मालिका याच पद्धतीची आहे. ‘इप्टा’ या नाट्यसंघटनेचे नगारा वाजवणाऱ्याचे बोधचिन्हही त्यांचेच.

१९४६ पासून ते मुंबईत स्थायिक झाले. पुढे पक्षापासून दूर गेले, तरी कष्टकऱ्यांची चित्रे सुटली नाहीत. पैसा मिळाला नाही, कलाबाजारानेही हयातीत त्यांची फारशी दखल घेतली नाही. आज त्यांच्या चित्रांना किंमत आली आहे. ती किंमत कोणाला मिळते, हा वेगळा विषय.

मिदनापूरच्या दौऱ्यावर त्यांनी ‘हंग्री बेंगॉल’ ही इंग्रजी पुस्तिका काढली. ब्रिटिश सरकारने तिच्या सुमारे ५,००० प्रती जप्त करून जाळल्या. कुटुंबाने जपलेली एक प्रत वाचली आणि तिच्यावरून २०११ मध्ये ती पुस्तिका जशीच्या तशी पुन्हा छापली गेली.