बंदर दारात आलं, तंटा तिथेच राहिला

नागपूरच्या कंटेनर डेपोत रिकामा चाळीस फुटी डबा आला की माल भरण्याआधी त्यात माणसं कोंडतात. सर्व्हेअर आणि टॅली क्लार्क आत शिरतात, बाहेरचा हमाल दोन्ही दारं लावून घेतो. त्यांच्यामागोमाग मीही आत गेलो. मिट्ट अंधार, तापलेल्या पत्र्याचा उबारा. सगळ्यांच्या नजरा छताकडे. उजव्या कोपऱ्यात मोहरीएवढा उजेड दिसला. "परत करा," सर्व्हेअर म्हणाला. एवढ्या भोकातून समुद्रावरच्या पावसात किती पाणी आत येतं, हे त्याला ठाऊक होतं.

दुसरा डबा पास झाला. खाली वाकून लाकडी तळाचा वास घेतला, आधीच्या मालाचे तेलाचे डाग पाहिले. मग भिंतींना जाड खाकी कागद, वर ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगल्या. माल हिंगणघाटकडच्या गिरणीचा, कार्टनमध्ये सुताचे कोन. एकेक थर लागला की क्लार्क टॅली शीटवर रेघ मारत होता. शेवटी कस्टमचा माणूस आला, कागद जुळले, 'लेट एक्सपोर्ट ऑर्डर' ही निर्यातीची परवानगी निघाली आणि दाराला सील बसलं. त्याचा नंबर दोघांनी मोठ्याने वाचून घेतला.

या सीलमध्येच डेपोची सगळी किंमत आहे. इथून न्हावा शेवा बंदर आठशेहून अधिक किलोमीटर. पण तिथे आता डबा उघडायचा नसतो. सील शाबूत आहे एवढं बघून तो बोटीकडे जातो. कस्टमचं काम घराजवळ उरकतं, मुंबईला माणूस बसवावा लागत नाही. देशातला पहिला असा डेपो 1981 साली बंगळुरूला सुरू झाला. 1988 मध्ये रेल्वेने त्यासाठी 'कॉन्कॉर' ही कंपनी काढली. पंचेचाळीस वॅगनची गाडी वीस फुटी नव्वद डबे एका दमात नेते. विदर्भातल्या कारखानदाराला सरकारने केलेली ही मदत खरी आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढच्या कागदाची आहे. लाइनवाले, म्हणजे जहाज कंपन्या, माल घेतल्याची पावती म्हणून जे बिल ऑफ लेडिंग देतात त्यावर मालाच्या वर्णनाआधी 'सेड टू कन्टेन' असे शब्द असतात. म्हणजे आत काय आहे ते माल पाठवणारा सांगतो, आम्ही पाहिलेलं नाही. सकाळी मोजलेल्या त्या कार्टनची जबाबदारी अशी एका शब्दप्रयोगात निसटते. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत अटी. भांडण झालंच तर दावा लंडनच्या कोर्टात, असंही अनेक बिलांवर लिहिलेलं असतं. हिंगणघाटचा गिरणीवाला सुताच्या दोन डब्यांसाठी लंडनला वकील लावणार?

कायदे नाहीत असं नाही. नोंदी तपासायला कस्टमने डबा अडकवला आणि नोंदी बरोबर निघाल्या, तर लाइनने पहिल्या साठ दिवसांचं डिटेन्शन, म्हणजे डबा अडकून राहिल्याचा आकार, मागू नये, असं 2018 चे नियम सांगतात. अडकवलेल्या मालावर डेपोने भाडं लावू नये, हे 2009 च्या नियमांत आहे. पण "हा नियम दाखवला की समोरचा आधी पैसे भरा म्हणतो," माझ्या ओळखीचा एक कस्टम ब्रोकर सांगत होता. पैसे भरले नाहीत तर बिल मिळत नाही, बिल नाही तर बँकेतून रक्कम सुटत नाही. भांडण महिन्यांचं आणि निकड दोन दिवसांची, मग माणूस मुकाट्याने भरतो.

नायजेरियात निर्यातदार-आयातदारांच्या बाजूने उभी राहणारी शिपर्स कौन्सिल ही सरकारी संस्था आहे. लाइनविरुद्धच्या तक्रारी ती स्वतः हाती घेते, आतल्या प्रदेशातल्या डेपोंचंही काम पाहते. आपल्याकडे डेपोच्या फाटकावर कस्टमचं ऑफिस आहे, रेल्वेचं आहे, हमालांचा मुकादम आहे. बिलाची मागची बाजू वाचून दाखवणारं टेबल कुठेच नाही. 2025 साली बिल ऑफ लेडिंगचा 1856 चा आणि सागरी मालवाहतुकीचा 1925 चा, असे दोन्ही जुने कायदे बदलले. त्याचा गाजावाजाही झाला. ते टेबल मात्र आलं नाही.

तोवर ब्रोकरच वकील. गिरणीच्या माणसाला तो डेपोतच बजावत होता: रिकाम्या डब्याचे, प्रत्येक थराचे, सीलच्या नंबरचे फोटो काढून ठेव. माल भिजला असेल आणि बाहेरून दिसत नसेल, तर पलीकडच्या पार्टीला ताबा घेतल्यापासून तीन दिवसांत लेखी कळवायला सांग. दाव्याला समुद्राच्या बिलावर एक वर्ष मिळतं. पण कारखान्यापासून परदेशापर्यंतचं एकच मल्टिमोडल बिल असेल तर नऊच महिने. गिरणीच्या माणसाने खिशातून बिलाची झेरॉक्स काढली आणि आपलं बिल यातलं कुठलं, ते शोधायला लागला.